दोन एलीया

१९९९ साली मी १५ वर्षांचा होतो आणि जग संपणार याबद्दल मला शंका नव्हती. शंका एवढीच होती, की त्याआधी दहावीची परीक्षा होईल की नाही.

आमच्या मंडळीत आलेल्या एका पाहुण्यांनी अमेरिकेहून ‘लेफ्ट बिहाइंड’ या कादंबरीमालेचे पहिले तीन भाग आणले होते. लेखक टिम लाहे आणि जेरी जेन्किन्स. १९९५ ते २००७ या काळात तिचे १६ भाग निघाले आणि कोट्यवधी प्रती खपल्या. सुरुवातीलाच अटलांटिकवरून चाललेल्या विमानातून कितीतरी प्रवासी एकाएकी नाहीसे होतात. आसनांवर उरतात ते फक्त कपडे. प्रभूने आपल्या लोकांना उचलून नेलेलं असतं. मागे राहिलेल्यांपुढे सात वर्षांचं महासंकट. रुमानियाचा एक देखणा पुढारी संयुक्त राष्ट्रांचा सरचिटणीस होतो, तोच ख्रिस्तविरोधक. उशिरा विश्वासात आलेला एक वैमानिक त्याचंच विमान चालवतो आणि चोरून त्याची बोलणी ऐकतो.

आजोबांच्या ट्रंकेतले बाबूराव अर्नाळकरांचे ‘झुंजार’ वाचून वाढलेल्या मुलाला आणखी काय हवं? शिवाय इथे गुप्त फाइल माझ्याच घरात होती. दानीएल, यहेज्केल, प्रकटीकरण. वर्तमानपत्र आणि बायबल शेजारी ठेवायचं आणि धागे जुळवत बसायचं. शाळेतून आल्यावर दाराला कुलूप दिसलं की मात्र पोटात गोळा यायचा. आईबाबांना उचलून नेलं आणि मी मागे राहिलो? आई भाजीची पिशवी घेऊन जिन्यात दिसेपर्यंत मी एकेक पाप आठवत बसायचो.

तेव्हा आम्ही पुण्यात रास्ता पेठेत राहायचो. शेजारच्या मावशी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातून आलेल्या मराठी ज्यू. त्यांचा मुलगा इस्राएलमध्ये अश्दोदला स्थायिक झाला होता आणि आता त्याही निघाल्या होत्या. जाण्याआधी घरी मलिदा ठेवला होता. नारळ घातलेले गोड पोहे, फळं, आणि एलियाहू हनाबीचं स्मरण. हा एलियाहू म्हणजेच आमच्या बायबलातला एलीया संदेष्टा. अलिबागजवळच्या एका खडकावर त्याच्या रथाच्या खुणा आहेत, अशी त्यांची श्रद्धा.

‘लेफ्ट बिहाइंड’मध्येही एक एलीया आहे. जेरुसलेमच्या भिंतीपाशी तो आणि मोशे उभे असतात आणि अंगावर येणाऱ्याला तोंडातल्या आगीने भस्म करतात. मला तोच एलीया खरा वाटायचा.

मी मावशींना म्हणालो, “तुम्ही जाऊ नका तिकडे.”

“का रे?”

मी वहीतला तक्ता काढून सगळं समजावलं. ज्यू लोक परत जमले हीच शेवटाची खूण. मग महासंकट. जखऱ्याच्या एका अध्यायावरून पाहुण्यांनी सांगितलेला हिशोबही सांगितला, तीनातले दोन हिस्से ज्यू मरतील.

मावशी पोहे भिजवत होत्या. “आणि उरलेला एक हिस्सा?”

“ते ख्रिस्ताला मानतील.”

“म्हणजे आमचं असं कुणी उरतच नाही म्हण की.”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुस्तकात तो प्रश्नच नव्हता. मावशींनी विळी माझ्यापुढे सरकवली. “नारळ खोव. एलियाहू यायच्या आत मलिदा व्हायला हवा.”

पुढे मी जोएल रोझेनबर्गच्या राजकीय थरारकथा वाचल्या. २००५ च्या ‘द इझिकिएल ऑप्शन’मध्ये यहेज्केलातलं गोग-मागोग म्हणजे रशिया आणि इराणची युती. आणखी मागे गेलो तेव्हा कळलं, की माझा तक्ता प्रेषितांच्या काळातला नव्हता. त्याची मांडणी १९ व्या शतकात जॉन नेल्सन डार्बी यांनी केली आणि १९०९ च्या स्कोफील्ड बायबलच्या टिपांनी ती अमेरिकेत घरोघर नेली. १९७० मध्ये हॅल लिंडसी यांनी इस्राएलच्या स्थापनेपासून साधारण ४० वर्षांची एक पिढी मोजायला सुचवलं. १९८८ उलटलं, तक्ते नव्याने आखले गेले.

पण मला तारखांपेक्षा दुसरी गोष्ट खुपते. गुप्तहेरकथेत नायक कट उघडा पाडतो, कारण त्याला स्फोट थांबवायचा असतो. या कथांत शेवटचा स्फोट थांबवायचाच नसतो. तो झाला तरच वचन खरं ठरतं. नायकाने फक्त तो आधी ओळखायचा आणि योग्य बाजूला उभं राहायचं. एकदा असं वाचायची सवय लागली की माणसं खुणा होतात. मावशी माझ्यासाठी अशीच एक खूण झाल्या होत्या.

ऑक्टोबर २०२३ मध्ये मंडळीच्या व्हॉट्सॲप गटावर संदेश आला, यहेज्केल ३८ सुरू झाला. खाली टाळ्यांची चित्रं. मी अश्दोदला फोन लावला.

“भोंगा झाला की पाऊण मिनिट मिळतं,” मावशी म्हणाल्या. “गुडघे ऐकत नाहीत, म्हणून मी त्या भक्कम खोलीतच झोपते आता.”

मला त्या दुपारबद्दल माफी मागायची होती. तेवढ्यात मागे भोंगा वाजला. “ठेवते रे,” म्हणून त्यांनी फोन बंद केला. मी ४५ पर्यंत अंक मोजले आणि पुढेही मोजत राहिलो.

त्याच महिन्यात, १९ तारखेला, गाझातल्या सेंट पोर्फिरियस चर्चच्या आवारातली इमारत हवाई हल्ल्यात कोसळली. आसऱ्याला आलेले ख्रिस्ती लोक तिच्याखाली मेले. माझ्या वहीतल्या तक्त्यात त्यांना जागाच नव्हती. ते खूणसुद्धा नव्हते. आमच्या गटावर त्यांच्यासाठी कुणी एक ओळ लिहिली नाही. मीही नाही.

ख्रिस्त पुन्हा येणार हे मी आजही मानतो, दर रविवारी मोठ्याने म्हणतो. प्रकटीकरण आजही वाचतो; रोमी सत्तेखालच्या सात लहान मंडळ्यांना धीर देणारं पत्र म्हणून. बातमी वाचून टाळी वाजवावीशी वाटली, की आपण ते पत्र चुकीचं वाचतोय एवढं मला कळतं.

मावशींचा फोन वीस मिनिटांनी आला. मी म्हणालो, “मावशी, मी लहानपणी तुम्हाला एक तक्ता दाखवला होता...”

“आठवतं की,” त्या म्हणाल्या. “नारळ फार जाडाभरडा खोवला होतास.”