कोया

कोसल्याला उर्दूत कोया म्हणतात. नववीच्या मुलींना रेशमाचा किडा समजावताना हा शब्द आम्ही फळ्यावर लिहिला. किडा तोंडातून धागा सोडतो आणि दोन-तीन दिवसांत स्वतःभोवती घर बांधून आत बसतो. धागा एकच, शेकडो मीटर लांब. तो तुटू नये म्हणून कोया उकळत्या पाण्यात टाकतात. किडा आतच मरतो. एका मुलीने विचारले, "टीचर, वो बाहर निकलता तो?"

"परवाना बनता," आम्ही म्हणालो. वर्ग हसला. परवाना त्यांना फक्त शायरीतला ठाऊक.

भालचंद्र नेमाडे यांची 'कोसला' आम्ही बी.एड.ला असताना वाचली. कादंबरी 1963ची, लेखक तेव्हा पंचविशीत. खानदेशातल्या सांगवीचा पांडुरंग पुण्याला शिकायला जातो आणि रिकाम्या हाताने गावी परततो. त्याला कुणी कोंडलेले नाही. धागा त्याच्याच तोंडातला. इस्मत चुगताईंच्या 'लिहाफ'मधली (1942) बेगम जान निराळी. नवाबाने निकाह करून तिला हवेलीत आणले आणि तो तिला विसरून गेला. तिचे जाळे दुसऱ्याने विणलेले. (ही कथा वर्गात शिकवायची नव्हे. लाहोरच्या कोर्टात तिच्यावर अश्लीलतेचा खटला चालला होता.)

सूरे अनकबूतमध्ये कोळ्याचे घर सर्वांत कमकुवत म्हटले आहे. पण रिवायत अशी की, हिजरतीच्या वेळी सौरच्या गुहेच्या तोंडावर कोळ्याने जाळे विणले आणि हुजूर (स.) यांचा पाठलाग करणारे माघारी फिरले. लहानपणी अम्मीच्या तोंडून हे ऐकल्यापासून जाळे म्हणजे आडोसा, असेच आमच्या मनात बसले. घोटाळा इथेच झाला.

आम्ही खरवईत राहतो. एमआयडीसीच्या वासाची नाकाला सवय झाली आहे. घर, लोकल, शाळा, पुन्हा घर. बी.एड.च्या वर्गात एकाने विचारले होते, "तुमचं मराठी इतकं चांगलं कसं?" त्याने कौतुकानेच विचारले असेल. पण तेव्हापासून चारचौघांत मराठी बोलणे आम्ही सोडले. प्रश्न एका मिनिटाचा. धागा आम्ही दहा वर्षे काढत बसलो.

ती मुलगी दहावी झाली. मराठी पोरींच्या कॉलेजात जाईन म्हणाली. तिचे अब्बा आमच्याकडे आले. "आप जो कहेंगे वही करूँगा." पाठवा, असे म्हणायचे होते. तोंडातून निघाले, "माहौल बघा, घाई कशाला?" ती वर्षभर घरी फॉल-पिको करत बसली. आम्ही तिला 'कोसला' नेऊन दिली, जणू तेवढ्याने फिटत होते.

जूनमध्ये ती दाखला न्यायला आली. पुस्तक परत केले. पांडुरंगची धाकटी बहीण मनी देवीच्या आजारात जाते, ते पान दुमडलेले होते.

"अडखळत वाचली, टीचर. मनी की तरफ से किसी ने नहीं लिखा?"

आम्ही दाखला कशासाठी, ते विचारले.

"अंबरनाथला, कॉलेजसाठी. अब्बांना मी सांगितलंय की टीचरनेच पाठवायला सांगितलं. ते विचारतील."

ती हे मराठीत बोलली. संध्याकाळी तिचे अब्बा मशिदीबाहेर भेटले, विचारले. आम्ही हो म्हणालो.