एकशे सात

तामलवाडी,
कोजागरीच्या आधीचा आठवडा

प्रिय दोस्ता,

तू पाठवलेला मॅन्युअलचा फोटो मिळाला आणि त्यातल्या एका आकड्यानं मला रात्री झोपू दिलं नाही. म्हणून आज सविस्तर लिहितोय.

तुळजापूरचा घाट उतरताना ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरायचं, हे तुला सांगितलंच होतं. देवीचं दर्शन घेऊन परतताना आई मागच्या सीटवर जीव मुठीत धरून बसायची. पुढची चाकं काढून बघितली, तर डिस्कच्या कडेला बोटाला लागेल एवढी धार आलेली. डिस्कवर कमीत कमी जाडी कोरलेली असते. आपली त्याच्याही खाली गेली होती. मग सोलापुरातून नवी जोडी आणली.

काम तसं अवघड नाही. गाडी घोडीवर घ्यायची, कॅलिपर सोडवून तारेनं वर बांधायचा (होजवर लोंबकळू द्यायचा नाही), ब्रॅकेटचे दोन बोल्ट काढले की डिस्क हातात येते. अडलो ते परत बसवताना. ते दोन बोल्ट आवळायचे किती? गाडीसोबत मिळालेल्या पुस्तकात चाकाच्या नटांचा आकडा आहे, ब्रॅकेटचा नाही. तो कंपनीच्या वर्कशॉप मॅन्युअलमध्ये असतो. एका मिस्त्रींना विचारलं, तर म्हणाले, "पान्याला पाइप लावा अन् हलायचा थांबला की सोडा." हा माणूस जाणता आहे, पण रोज सोलापूर-तुळजापूर महामार्गावरून माझ्या घरची माणसं जातात. मला अंदाज नको होता.

तू तुझ्याकडच्या मॅन्युअलमधून 79 पाठवलास. दुसऱ्या मिस्त्रींच्या वहीत 10.9 होतं. आणि बोल्टच्या डोक्यावर बघतो तर तिथेही 10.9! मला वाटलं, सापडलं. पण डोक्यावरचा आकडा बोल्टच्या पोलादाची ताकद सांगतो, आवळायचं माप नव्हे. शेवटी ओळखीच्या एकानं आपल्याच गाडीच्या, आपल्याच वर्षाच्या मॅन्युअलचं पान दाखवलं. तिथे 107.

तीन आकडे घेऊन रात्री वहीत मांडत बसलो. एक फूट-पाउंड म्हणजे 1.356 न्यूटन-मीटर. तुझा 79 फूट-पाउंड होता, त्याला गुणलं, 107 आले. वहीतला 10.9 किलोग्रॅम-मीटर होता, त्याला 9.8 नं गुणलं, पुन्हा 107. तिघंही एकच सांगत होते! तुझा 79 मी तसाच न्यूटन-मीटरच्या टॉर्क पान्यावर लावला असता, तर बोल्ट पाव हिश्शानं ढिले राहिले असते. आणि 107 ला फूट-पाउंड समजलो असतो, तर 145 पर्यंत ताणले असते. तेव्हा यापुढे आकडा पाठवशील तेव्हा एकक लिहायला विसरू नकोस, रागावू नको.

आणखी एक गोष्ट मला नव्यानं कळली. पान्याला लावलेला बहुतेक जोर आटे आणि डोक्याखालच्या घर्षणातच जातो. बोल्ट ताणायला त्यातला जेमतेम दहावा हिस्सा उरतो. म्हणून आट्यांना तेल लावलं की तोच 107 बोल्टला कितीतरी जास्त ताणतो. मॅन्युअलमध्ये आटे कोरडे हवेत, तेलाचे की लॉकिंग द्रव लावलेले, हेही बघावं लागतं. आपल्या गाडीला कोरडे.

डिस्क बसवण्यापूर्वी हबवरचा गंज तारेच्या ब्रशनं घासून काढला. तिथे गंजाचा कण राहिला तरी नवी डिस्क डुलते; साधारण मिलिमीटरच्या विसाव्या भागापलीकडे गेली की कालांतराने पुन्हा थरथर सुरू. चाकाचे नट समोरासमोरचे घेत, दोन टप्प्यांत आवळले. पूर्वी एका दुकानात ते हवेच्या गनवर एका दमात ठोकले होते, तेव्हा मी बघत उभा होतो आणि गप्प राहिलो. आता राहणार नाही.

हे पत्र कुणा ओळखीच्याला वाचायला दिलंस, तर 107 आमच्या गाडीचा आहे एवढं सांग. त्यानं आपला आकडा आपल्या गाडीच्या मॅन्युअलमधूनच घ्यावा. एकाच नावाच्या गाडीतही वर्ष बदललं की ब्रेक बदलतात.

पन्नासेक किलोमीटर चालवून काल चाकाचे नट पुन्हा तपासले. टॉर्क पाना पहिल्याच झटक्यात टक् वाजला, म्हणजे नट ढिले झालेले नव्हते. मग पान्याच्या स्प्रिंगवरचा ताण जावा म्हणून त्याचं माप खाली फिरवून तो डब्यात ठेवला.

आता कोजागरीला सोलापूरहून तुळजापूरला पायी निघालेल्यांनी आमचा रस्ता भरून जाईल. लेकरं कडेवर, म्हातारी माणसं काठी टेकत. त्या गर्दीतून आईला घेऊन जायचंय, अगदी हळू.

तुझा,
तामलवाडीचा दोस्त