कामेल्येचे धोंडे

स्पेनच्या वायव्य टोकाला, गालिसियात, एक खडकाळ किनारा आहे. तेथील लोक त्याला ‘मृत्यूचा किनारा’ म्हणतात. फुटलेल्या जहाजांची तेथे वाण नाही. या किनाऱ्यावरच्या कामेल्ये नावाच्या कोळ्यांच्या गावी १९६२ साली मानफ्रेड ग्नेडिंगर नावाचा एक जर्मन तरुण आला आणि तेथेच राहिला. गावाने त्याचे नाव ‘मान’ एवढेच ठेवले. समुद्राला लागून त्याने एक खोपटे बांधले आणि सभोवती किनाऱ्यावरचे वाटोळे धोंडे एकावर एक रचायला घेतले. त्यात समुद्राने आणून टाकलेली लाकडे आली, जनावरांची हाडे आली, खडकांवर रंगीत वर्तुळे आली. हे काम चाळीस वर्षे चालले. अंगावर लंगोट, वाढलेली दाढी, समुद्रस्नान. आपल्याकडे असता तर लोकांनी त्याला महाराज करून टाकले असते. असो.

समीक्षेच्या वर्गात आम्ही कित्येक वर्षे मानची छायाचित्रे दाखवत आलो आहोत. द्युबुफेने १९४५ पासून ‘आर्त ब्रूत’ म्हणून जिचा पुरस्कार केला आणि रॉजर कार्डिनलने १९७२ मध्ये जिला ‘आउटसायडर आर्ट’ हे इंग्रजी नाव दिले, त्या परिघाबाहेरच्या कलेचे याहून सोयीचे उदाहरण आम्हांला सापडले नव्हते. शिवाय या कथेला शेवट आहे. १३ नोव्हेंबर २००२ रोजी ‘प्रेस्टिज’ हे तेलवाहू जहाज वादळात सापडले, १९ तारखेला दुभंगून बुडाले. त्यावर सुमारे ७७,००० टन जड इंधन तेल होते. काळा राप किनाऱ्यावर आला आणि मानच्या धोंड्यांवरही चढला. २८ डिसेंबरला मान खोपट्यात मृतावस्थेत सापडला. दुःखाने मेला, असे लोक म्हणाले. आम्हीही वर्गात तेच म्हणत असू, आणि म्हणताना आवाज थोडा खाली आणत असू.

एकदा तास संपताना एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, तो त्या डिसेंबरात गेला नसता, तर तुम्ही आम्हांला हे धोंडे दाखवले असते का?”

आम्ही काहीतरी उत्तर दिले. ते उत्तर नव्हते, हे तिला कळले असावे.

त्या रात्री आम्ही आमची टिपणे काढून पाहिली. लंगोटाविषयी तीन वाक्ये, एका शिक्षिकेवरच्या असफल प्रेमाच्या दंतकथेविषयी चार, तेलाविषयी पानभर. धोंड्यांविषयी दीड वाक्य, आणि त्यातही ‘आदिम’ हा शब्द दोनदा! साहित्यिकाचे चरित्र पुढे करून संहिता न वाचणाऱ्यांवर आम्ही आजवर पुष्कळ टीका केली आहे. तीच गोष्ट आम्ही एका दगड रचणाऱ्याच्या बाबतीत निर्धास्तपणे करत होतो, कारण तो शिकवणाऱ्यांच्या जातीतला नव्हता. ‘परिघाबाहेरचा’ म्हटले की त्याच्या निवडीचा विचार करण्याची जबाबदारीच संपते. सहासष्टाव्या वर्षी माणसाला मरायला दुसरी कारणेही असू शकतात, हेसुद्धा आमच्या मनात कधी आले नव्हते.

मान स्वतः या बाबतीत आमच्याहून शहाणा होता. त्याचे बाग-संग्रहालय पाहायला येणाऱ्यांकडून तो थोडे पैसे घेई आणि लहानशी वही पुढे करून त्यांना चित्र काढायला लावी. पाहून मत देण्याची सोय नव्हती. हात चालवावा लागे. पुढे वादळांनी बरीचशी रचना पडली. गावात २०१५ मध्ये त्याच्या नावाने संग्रहालय उघडले. पडलेला धोंडा दुसऱ्याने पुन्हा जागेवर ठेवला तर ते काम कोणाचे, हा प्रश्न आम्हांला अजून सुटलेला नाही.

पुढच्या तासाला आम्ही एकच छायाचित्र नेले, तेल येण्यापूर्वीचे, आणि सर्वांना कागद दिले. आम्हीही पेन्सिल घेऊन बसलो. चित्र वाईटच आले. मात्र काढताना प्रथमच दिसले, की त्या स्तंभात एका ठिकाणी लहान धोंड्यावर मोठा धोंडा ठेवलेला आहे, आणि त्यामुळे वरचा सगळा भार किंचित समुद्राकडे झुकल्यासारखा दिसतो. आम्ही ते खोडून सरळ केले होते. शेजारच्या बाकावरच्या विद्यार्थिनीने तसेच ठेवले होते.