आठ हातांची मूर्ती



नियतकालिकांचा अभ्यास करताना आपण संपादक, प्रकाशक, लेखक, मुद्रक, वर्गणीदार अशी वेगवेगळी माणसे गृहीत धरतो. आज ज्या नियतकालिकांविषयी मी तुम्हाला सांगणार आहे, त्यांत ही सगळी कामे बहुधा एकच माणूस करी आणि ते माणूस अनेकदा तेरा-चौदा वर्षांचे असे. जुने विज्ञानपट आणि अक्राळविक्राळ प्राण्यांचे, पिशाच्चांचे चित्रपट (सोयीसाठी त्यांना आपण राक्षसपट म्हणू) यांच्या चाहत्यांनी अमेरिकेत स्वतःच्या हौसेने काढलेली ही मासिके. मासिके हा शब्दही मी सैलपणेच वापरतो आहे, कारण दर महिन्याला निघण्याचा नियम त्यांतील फारच थोड्यांनी पाळला. इंग्रजीत त्यांना 'फॅनझीन' म्हणतात. अभ्यासक म्हणून मी त्यांच्याकडे वळलो ते बरेच उशिरा. त्याआधी, असे काही जगात असते याची सुतराम कल्पना नसताना, मी स्वतः तसला एक अंक काढला होता.

१९८१ सालची गोष्ट. मी सहावीत होतो. आमच्या तालुक्याच्या गावी रविवारी सकाळी एखादा जुना इंग्रजी चित्रपट दाखवत. तिकीट स्वस्त, प्रत ओरखड्यांनी भरलेली. मधेच फिल्म तुटे आणि शिट्ट्या सुरू होत. त्या खेळाला मी 'द गोल्डन व्हॉयेज ऑफ सिंदबाद' हा १९७३चा चित्रपट पाहिला. संवाद कळण्याचा प्रश्नच नव्हता. परंतु त्यात एक प्रसंग आहे. जादूगाराच्या आज्ञेने कालीची मोठी मूर्ती जिवंत होते, नाचते आणि मग प्रत्येक हातात तलवार घेऊन लढते. माझ्या पोटात गोळा आला, तो केवळ भीतीने नव्हे. देवीला असे चालताना आमच्यापैकी कोणीच कधी पाहिले नव्हते. पुढच्या रांगेतील एका म्हाताऱ्या गृहस्थांनी हात जोडले होते.

घरी आल्याबरोबर ताईने मला गाठले. ती नुकतीच दहावीची परीक्षा देऊन घरी बसली होती. तिला पुढे शिकवायचे नाही, हे ठरल्यात जमा होते आणि चित्रपटगृहात मुलींना पाठवण्याची तर आमच्याकडे रीतच नव्हती. "पहिल्यापासून सांग. काही गाळू नकोस," ती म्हणाली. मी सांगू लागलो आणि पाचच मिनिटांत अडकलो. वजिराने सोन्याचा मुखवटा का घातला होता? जहाजाचे शीड कोणत्या रंगाचे होते? मूर्ती चालताना पाय कसे वाजत होते? तिच्या प्रत्येक प्रश्नासरशी माझ्या ध्यानात येत गेले की आपण पाहिले पुष्कळ, पण नीट काहीच पाहिले नाही. शेवटी मी एक शंभर पानी वही घेतली आणि तिच्यासाठी अख्खा चित्रपट लिहून काढला. मुखपृष्ठावर मूर्तीचे चित्र, वर 'अंक पहिला', खाली 'किंमत २५ पैसे'. दुसरा अंक निघाला नाही. वाचक एकच होता आणि त्याने पैसे दिले नाहीत.

पुढे भाषाविज्ञानात पीएच.डी. झाल्यावर शब्दनिर्मितीविषयीच्या एका टिपणासाठी मी 'फॅनझीन' या शब्दाच्या मागे लागलो. या शब्दाचा जन्मकाळ ठाऊक आहे; असे भाग्य फार थोड्या शब्दांना लाभते. ऑक्टोबर १९४०मध्ये लुई रसेल शोव्हने या अमेरिकन तरुणाने आपल्या 'डीटूर्स' या हौशी अंकात तो प्रथम वापरला. तोपर्यंत 'फॅनमॅग' हा शब्द चाले. तो शोव्हनेच्या कानाला रुचला नसावा, असे मी लिहिणार होतो. पण शोव्हनेला लहानपणीच बहिरेपण आले होते. जगाशी त्याचा बराचसा व्यवहार कागदावरूनच चाले. नव्या शब्दाचे वजन त्याने डोळ्यांनी जोखले असणार.

शब्द फोडून पाहिला तर गंमत वाटते. 'फॅन' हा 'फॅनॅटिक'चा तुकडा मानला जातो आणि त्याच्या मुळाशी देवळाचा वाचक असलेला एक लॅटिन शब्द आहे. 'मॅगझीन' हा अरबीतून युरोपात गेला. तेथे 'मखाजिन' म्हणजे कोठारे. त्याच अरबी धातूपासून आलेला 'खजिना' आपण मराठीत रोज वापरतो. देवळाचा एक तुकडा आणि कोठाराची शेपटी जोडून हा शब्द बनला.

वस्तू मात्र शब्दाहून जुनी. १९२६मध्ये ह्यूगो गर्न्सबॅक यांनी 'अमेझिंग स्टोरीज' हे केवळ विज्ञानकथांना वाहिलेले मासिक सुरू केले. वाचकांची पत्रे छापताना ते पत्रलेखकाचा पूर्ण पत्ताही देत. एवढी एक साधी सवय, पण तिने फार मोठे काम केले. आपल्या गावात आपल्यासारखे वेड असलेले दुसरे कोणी नाही असे समजणाऱ्या मुलांना तीनशे मैलांवरच्या दुसऱ्या वेड्याचा पत्ता मिळाला. पत्रे सुरू झाली, पत्रांतून मंडळे झाली आणि मे १९३०मध्ये अशाच एका पत्रमंडळाने 'द कॉमेट' नावाचा अंक काढला. विज्ञानकथेचे पहिले फॅनझीन म्हणून सामान्यतः त्याचेच नाव घेतात. घरी बसून, टपालाने आलेल्या पुस्तिकांवर शिकणाऱ्या तुम्हाला, न भेटलेल्या माणसांचे असे मंडळ कसे असते, हे मी वेगळे सांगायला नको.

लॉस एंजेलिसच्या मंडळात तीन तरुण एकत्र आले. त्यांची ओळख ज्या योगाने झाली, तो योग मला एखाद्या चांगल्या कथेच्या आरंभासारखा वाटतो. रे हॅरीहाऊसेन नावाच्या मुलाने १९३३मध्ये 'किंग काँग' पाहिला आणि तो झपाटला गेला. पुढे एका चित्रपटगृहाच्या दर्शनी दालनात त्याला त्याच चित्रपटाची छायाचित्रे लावलेली दिसली. ती कोणाची, अशी चौकशी केल्यावर कळले की फॉरेस्ट जे ॲकरमन नावाच्या तरुणाने ती आपल्या संग्रहातून उसनी दिली आहेत. ॲकरमनच्या ओळखीतून तो मंडळात आला आणि तेथे त्याला रे ब्रॅडबरी भेटला. ब्रॅडबरीने १९३९मध्ये 'फ्यूचुरिया फँटासिया' हे स्वतःचे फॅनझीन काढले, त्याला ॲकरमनने पैशाची मदत केली आणि ते चार अंकांत संपले. ब्रॅडबरी पुढे मोठा लेखक झाला. आणि हॅरीहाऊसेन? आमच्या गावच्या पडद्यावर ज्याने कालीला चालवले, तोच हा.

त्याचे तंत्र चिकाटीचे होते. सांधे असलेल्या धातूच्या सांगाड्यावर रबराची लहानशी बाहुली घडवायची, ती केसभर हलवायची, एक चौकट टिपायची, पुन्हा केसभर हलवायची. पडद्यावरच्या एका सेकंदासाठी अशा चोवीस चौकटी. हे सांगाडे कित्येक वर्षे त्याचे वडील घडवून देत असत.

राक्षसपटांच्या फॅनझीनांचा खरा बहर मात्र नंतरचा. १९५७मध्ये युनिव्हर्सल कंपनीचे ५२ जुने चित्रपट 'शॉक थिएटर' या नावाने अमेरिकेतील दूरचित्रवाणी केंद्रांना विकले गेले. १९३१चे 'ड्रॅक्युला' आणि 'फ्रँकेन्स्टाईन' अशा रीतीने महायुद्धानंतर जन्मलेल्या मुलांच्या घरात रात्री उशिरा अवतरले. लगोलग फेब्रुवारी १९५८मध्ये प्रकाशक जेम्स वॉरन आणि संपादक ॲकरमन यांनी 'फेमस मॉन्स्टर्स ऑफ फिल्मलँड' काढले. एकच अंक काढायचा बेत होता. तो इतका खपला की मासिक १९८३पर्यंत चालले. हे धंदेवाईक मासिक, फॅनझीन नव्हे. पण संपादक हाडाचा चाहता होता. श्लेष करण्याचा त्याला नादच होता. हॉलिवूडला तो 'हॉररवुड' म्हणे आणि बोरिस कार्लोफ या नटाच्या नावावरून कॅलिफोर्नियाचे 'कार्लोफोर्निया' करी. शब्दांशी इतका सलगीने खेळणारा संपादक वाचकाला लिहायला भीती वाटू देत नाही. वाचक लिहू लागले आणि मग स्वतःच छापू लागले. बाल्टिमोरच्या गॅरी स्वेलाने १९६३मध्ये वयाच्या तेराव्या वर्षी 'गोर क्रिएचर्स' सुरू केले. फ्रेडरिक क्लार्क यांचे 'सिनेफँटास्टिक' १९६७मध्ये हौशी अंक म्हणून जन्मले आणि १९७०मध्ये गुळगुळीत कागदावरचे मासिक झाले. आयोवातील रिचर्ड क्लेमेन्सन यांनी १९७२पासून ब्रिटनच्या हॅमर कंपनीच्या भयपटांना 'लिटल शॉप ऑफ हॉरर्स' हा अंक वाहिला. अर्नेस्ट फॅरिनो यांच्या 'एफएक्सआरएच'चा तर विषयच एक होता: हॅरीहाऊसेनचे काम.

या अंकांतील गद्य पुष्कळदा वाईट आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. चाहत्यांच्या बोलीत सुमार अंकासाठी 'क्रडझीन' असा खास शब्दच आहे. तरीही त्या लेखनाची एक तऱ्हा मला लक्षणीय वाटते. घरोघरी व्हिडिओ येण्यापूर्वीचा तो काळ. एकदा पाहिलेला चित्रपट पुन्हा कधी दिसेल, दिसेल की नाही, कोणीच सांगू शकत नसे. काही मुले दूरचित्रवाणीसमोर ध्वनिमुद्रक ठेवून निदान आवाज तरी पकडत. म्हणून हे लेखक चित्रपटाविषयी मत देत नाहीत, ते चित्रपट सांगतात: दार कोणत्या बाजूने उघडले, सावली आधी पडली की हात आधी दिसला. समीक्षेच्या दृष्टीने हा दोष. पण न दिसणाऱ्या वस्तूसाठी हे लेखन चालले होते, हे विसरू नका. 'लंडन आफ्टर मिडनाइट' या १९२७च्या मूकपटाची शेवटची ज्ञात प्रत १९६०च्या दशकात स्टुडिओच्या गोदामाला लागलेल्या आगीत जळाली. लॉन चेनीचा त्यातला दातेरी, उंच टोपीतला चेहरा आज आपल्याला माहीत आहे, तो छायाचित्रांमुळे. आणि ती छायाचित्रे जिवापाड जपून पुन्हापुन्हा छापणाऱ्यांत चाहते होते. कंपन्यांनी जे अडगळ समजून सोडले, ते या पोरांनी कोठारात भरले.

आणि चुका? त्या तर होतच. त्यावरचा उपाय म्हणजे पत्रे. अंकासाठी नेहमीच पैसे लागत नसत. अंक वाचून सविस्तर अभिप्रायाचे पत्र पाठवले की पुढचा अंक मिळे. नट चुकला, साल चुकले, प्रसंगाचा क्रम चुकला की कोणीतरी दुसऱ्या टोकाहून लिही आणि पुढच्या अंकात ते छापून येई. पदव्या नसलेल्या माणसांनी चालवलेली ही संशोधनाची रीतच होती. आमच्या विद्यापीठीय नियतकालिकांत एखादी चूक कबूल व्हायला किती वर्षे लागतात, ते मी येथे लिहीत नाही.

सुरुवातीचे काही अंक जिलेटिनच्या थाळीवर जांभळ्या शाईत उमटवत. पन्नासेक प्रती निघेपर्यंत अक्षर फिके पडे. मग स्टेन्सिलचे यंत्र आले. आपल्याकडे त्याला सायक्लोस्टाइल म्हणत. मराठीचे विद्यार्थी म्हणून तुम्हाला येथे 'शब्द' आठवायला हवे: १९५०च्या दशकाच्या मध्यास दिलीप चित्रे, अरुण कोलटकर, रमेश समर्थ यांनी तेही सायक्लोस्टाइल करूनच काढले. यंत्र एकच, शाईने बरबटलेले हात सारखेच. पण साम्य फार ताणू नये. आपली लघुअनियतकालिके प्रस्थापिताला नकार देण्यासाठी निघाली. फॅनझीनला कोणाला नकार द्यायचा नव्हता. त्याला एक गोष्ट आवडली होती आणि ती कोणाला तरी सांगायची होती.

काही वर्षांपूर्वी मी 'द गोल्डन व्हॉयेज' संगणकावर पुन्हा पाहिला. मूर्तीपाशी आल्यावर चित्र थांबवले आणि हात मोजले. सहा होते. माझ्या आठवणीत आठ, मी वहीत काढलेल्या चित्रातही आठ. हा घोळ कसा झाला असेल, यावर मी भाषाविज्ञानाचा माणूस म्हणून बराच विचार केला. दत्ताला सहा हात असतात हे आम्हा मुलांना ठाऊक होते. पण देवी म्हटली की 'अष्टभुजा' हा शब्द जिभेवर तयार असे. डोळ्यांनी मोजण्याआधी शब्दाने मोजून टाकले होते.

पुढच्या भेटीत मी संगणक घेऊन ताईकडे गेलो. ती आता साठीकडे झुकली आहे. मी काहीच न सांगता तो प्रसंग तिला दाखवला. तिने चष्मा पुसून पुन्हा एकदा पाहिले.

"सहाच आहेत की रे."

"हो. माझी चूक."

"वहीत आठ आहेत," ती म्हणाली आणि उठून आत गेली. कपाटात साड्यांखालून तिने ती शंभर पानी वही काढून आणली. वही तिच्याकडे आहे, हे मला माहीत नव्हते. मुखपृष्ठ सुटले होते, कडा पिवळ्या झाल्या होत्या. मी पाने उलटू लागलो. समासात पेन्सिलने, तिच्या दहावीतल्या अक्षरात, जागोजागी बारीक लिहिले होते. शिडाचा रंग दोन ठिकाणी वेगळा आहे. वजिराचे पुढे काय झाले? मूर्तीच्या पानावर, आठ हातांच्या खाली एक ओळ होती: पाय कसे वाजतात ते अजून लिहिलेले नाही.