अर्धाच शिकवलेला धडा

रमजानच्या तिसऱ्या रोजाची सहेरी होती. अम्मी मोरीच्या दाराशी भिंतीला धरून बसली होती. दोनदा उलटी झालेली, अंगाला घाम सुटलेला, उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी. आम्ही घरातलं ब्लडप्रेशरचं यंत्र तिच्या दंडाला बांधलं. आकडा आला ८८/५६. जो आकडा खाली आणायला आम्ही वर्षभर धडपडत होतो, तो असा खाली आलेला पाहून आमचेच हातपाय गळाले.

दवाखान्यात डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "स्टिरॉइडची गोळी चालू आहे ना?" आम्ही ठामपणे "हो" म्हटलं. अम्मी गप्प. मग हळूच म्हणाली, "रमजानच्या दोन दिवस आधीपासून बंद केली."

लगेच शिरेतून स्टिरॉइड आणि सलाइन सुरू झालं. दुपारपर्यंत अम्मी आम्हाला ओळखून बोलू लागली. अल्लाहचे शुक्र मानले. पण रात्री झोप आली नाही. कारण गोळी बंद करण्याचं बी आम्हीच पेरलं होतं.

अम्मीला नऊ वर्षांपासून आमवात आहे. बोटांचे सांधे सुजायचे, सकाळी कणीक मळता यायची नाही, वजू करताना नळ फिरवता यायचा नाही. इतर औषधांच्या जोडीला रोज १० मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन सुरू झालं आणि तिचे हात तिला परत मिळाले. गेल्या वर्षी ब्लडप्रेशर १७०/१०० निघालं. डॉक्टर म्हणाले, यात स्टिरॉइडचाही वाटा आहे. घरी येऊन आम्ही अम्मीला सांगितलं, "या गोळीनं तुझं बीपी वाढलंय." एवढंच. तिनं सरळ हिशोब केला: वाढवणारी गोळी सोडली की आजार गेला, रोजेही निर्धास्त होतील. बीपीची गोळी मात्र ती इमानदारीनं सहेरीला घेत राहिली.

आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. बी.एड.ला आम्हाला घोकून घेतलं होतं की विद्यार्थी आपल्या शब्दांत सांगत नाही, तोवर धडा शिकवून झाला असं समजू नये. शाहू महाराजांनी १९०६ साली कोल्हापुरात मुस्लिम बोर्डिंग उभं केलं, ते आमच्या समाजानं शिकावं म्हणून. त्या शिक्षणाची फळं खाल्लेल्या आमच्या घरात अम्मीला अर्धाच धडा मिळाला.

उरलेला अर्धा धडा असा आहे. दोन्ही मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारख्या दोन लहान ग्रंथी असतात. त्या कॉर्टिसोल नावाचा रस बनवतात. रक्तदाब टिकवायला, आजारपणाचा धक्का सोसायला तो लागतो. प्रेडनिसोलोन हा त्याचाच भाऊबंद. बाहेरून तो अनेक महिने मिळाला की ग्रंथी काम सोडून झोपी जातात. मग एके दिवशी गोळी एकदम बंद केली, तर बाहेरचंही नाही आणि आतलंही नाही. अशक्तपणा, उलट्या, चक्कर, दाब कोसळणं, वेळेवर इलाज न झाल्यास जीवही जाऊ शकतो. अम्मीच्या बाबतीत वर उपवास आणि बीपीची गोळी, म्हणजे उतारावर आणखी धक्का.

या कुळातलं औषध आमवातासाठी पहिल्यांदा वापरलं गेलं १९४८ साली, अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये. अंथरुणाला खिळलेले रोगी काही दिवसांत चालू लागले. डॉ. फिलिप हेंच आणि आणखी दोन शास्त्रज्ञांना १९५० साली नोबेल मिळालं. पण चेहऱ्याची सूज, साखर, हाडांची झीज, वाढता दाब ही दुसरी बाजूही लवकरच दिसून आली. हे औषध शरीरात मीठ-पाणी धरून ठेवतं आणि रक्तवाहिन्या आवळायला मदत करतं. म्हणून दाब चढतो. डोस जितका मोठा, तितका धोका जास्त. तेव्हा स्टिरॉइड की बीपी, असा सवाल नसतोच. दोन्ही एकाच वेळी सांभाळावं लागतं. डोस डॉक्टरांनीच पायरी-पायरीनं उतरवायचा, आणि तोवर दाबाचा बंदोबस्त करायचा.

बंदोबस्त स्वयंपाकघरातून सुरू झाला. दिवसाला माणशी पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे साधारण एक लहान चमचा मीठ, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. कोल्हापुरात हे सांगणंही अवघड. तांबड्या रश्शाचं मीठ आम्ही कमी केलं, पण खरं मीठ लपलं होतं दुसरीकडेच: चहाबरोबरची बेकरीची खारी, भडंग, पापड, लोणचं, सुकट. कोणी म्हणालं, सैंधव वापरा. तेही मीठच, त्यातही सोडियमच. गुडघा दुखला की दुकानातून येणारी दुखण्याची गोळीही बंद केली. ती बीपी वाढवते, आणि स्टिरॉइडबरोबर पोटात जखम होण्याची भीती वाढते.

मोजण्याचीही रीत शिकलो. पाठ टेकवून, पाय जमिनीवर, पाच मिनिटं गप्प बसायचं. आधी अर्धा तास चहा-तंबाखू नाही. हात हृदयाच्या पातळीवर. मिनिटाच्या अंतरानं दोनदा मोजून दोन्ही आकडे वहीत. घरी सातत्यानं १३५/८५ च्या वर राहिलं, तर डॉक्टरांना दाखवायचं. एका आकड्यावरून स्वतःच गोळी कमी-जास्त करायची नाही.

आणि ती वही उर्दूत. डॉक्टर मराठीत सांगतात, पाकिटावर इंग्रजी असतं, अम्मी वाचते उर्दू. ही साधी गोष्ट नऊ वर्षं आमच्या ध्यानात आली नव्हती. आता भिंतीवर आमच्या अक्षरात उर्दूचा तक्ता आहे: कोणती गोळी कशासाठी, कोणती कधीच आपल्या मनानं सोडायची नाही, उलटी झाली किंवा ताप आला तर कोणाला फोन करायचा. तिच्या पर्समध्ये 'स्टिरॉइड चालू आहे' अशी चिठ्ठी असते, मराठीत आणि इंग्रजीत.

सगळ्यात अवघड होतं ते रोजे. डॉक्टरांनी यंदा सरळ नाही म्हटलं. आजाऱ्याला कुरआन शरीफनं सवलत दिली आहे, हे अम्मीलाही ठाऊक. तरी पहिल्या दिवशी तिचे डोळे भरून आले. ठरल्याप्रमाणे फिदिया दिला, रोज एका गरजूचं जेवण. ती सहेरीला आमच्याबरोबर उठत राहिली, आम्हाला वाढत राहिली, आणि आठ वाजता नाश्ता करून आपल्या गोळ्या घेत राहिली.

एका दुपारी शेजारच्या खाला आल्या. म्हणाल्या, "मीपण दम्याची गोळी बंद करू का? बीपी वाढतं म्हणे." आम्ही तोंड उघडणार, तोच अम्मी म्हणाली, "नको गं. ती एकदम सोडली की आतलं यंत्र बंद पडतं. पायरी-पायरीनं उतरायचं, तेही डॉक्टरांनी सांगितलं तरच. पाकीट आण, ही मंडळी वाचून देतील."

खाला पाकीट आणायला गेल्या. आम्ही चष्मा शोधला.