बद्द आवाज

गेल्या पावसाळ्यापासून माझ्या डाव्या कानाने वरचे सूर सोडले. भिवंडीत मागांच्या खडखडाटात लहानपण गेलं, पुढे बोटींवर ग्राइंडर. कान कधीतरी जाणार होतेच. पण माझं पोट कानावर होतं.

जुनी केबिनवाली बोट घेणारे मला इंजिनासाठी नेत नाहीत, त्याला मेकॅनिक असतो. मला नेतात ट्रान्समसाठी, म्हणजे बोटीच्या मागच्या उभ्या भिंतीसाठी. फायबरच्या दोन थरांमध्ये तिथे बहुधा प्लायवूड असतं आणि स्क्रूच्या भोकांतून पाणी झिरपतं. बाहेरून जेलकोट चकचकीत, आत लगदा.

हातोडीखाली चांगला ट्रान्सम खणखणीत वाजतो, कुजलेला बद्द. एवढं कुणालाही कळतं. घोडं अडतं मधल्या आवाजापाशी. आतून आडवी पट्टी जोडलेली असली तरी आवाज दबतो. म्हणून डावीकडे वाजवायचं, मग तेवढ्याच अंतरावर उजवीकडे. दोन्हीकडे सारखं दबलं तर बांधणी, एकीकडेच दबलं तर पाणी. पण दोन्ही बाजू सारख्याच कुजल्या असतील तर? या प्रश्नाने मला वर्षानुवर्षं छळलंय. मग मी खालचा एक स्क्रू काढायला लावतो. आट्यांत अडकलेला भुसा कोरडा, पिवळसर हवा. काळा, ओला, कुबट निघाला की पुढे वाजवायची गरज नाही.

भाच्याने ओलावा मोजायचं यंत्र आणलंय. तळाच्या रंगात तांबं असलं की ते भलताच आकडा दाखवतं. त्यात दलाल फोड बुजवून ताजा रंग फासतात, आणि खाडीच्या मचूळ पाण्यात उभ्या राहिलेल्या फायबरला फोड लवकर धरतात. बोटी इथे जुन्याच. 1657 साली कल्याण-भिवंडी घेतल्यावर शिवाजी महाराजांनी याच खाडीत गलबतं बांधायला घेतली. आज काल्हेर-कशेळीला गोदामंच गोदामं. लाकूड वाजवून पारखणारे हात इथून उठले, याचं मला फार वाईट वाटतं.

चारचौघांत हातोडी थांबवून ‘इथे उघडा’ म्हणायचं, उघडल्यावर सगळ्यांनी माझ्याकडे बघायचं. ते बघणं मला मजुरीपेक्षा जास्त हवं असे. आता ते शब्द भाचा बोलतो आणि मला ते सोसत नाही. तो बाहेरून वाजवतो, मी आतून तळवा टेकवतो. दबका ठोका हाताला अजून कळतो.

परवा आमचं जुळलं नाही. तो म्हणाला, ‘‘मामा, खणखणीत आहे.’’ माझ्या तळव्याला बद्द लागलं. मालक स्क्रू काढू देईना. गिऱ्हाइकाला मी तिथल्या तिथे सौदा मोडायला लावला. भाचा अजून म्हणतो, बोट चांगली होती.