आम्ही जुनी जीप घेतो

मोटार ही वस्तू आमच्या कुळात आजवर कोणी विकत घेतलेली नव्हती. पेडण्याच्या आमच्या आजोबांनी होडी घेतली, वडिलांनी सायकल घेतली. यापलीकडे वाहनांच्या बाबतीत घराण्याची मजल गेली नाही. त्यामुळे सुरतेतील एका मराठी शाळेच्या मास्तराने, म्हणजे आम्ही, जुनी का होईना, पण मोठी मोटार घेण्याचा मनोदय प्रकट केला, तेव्हा शिक्षकांच्या खोलीत जी शांतता पसरली, ती आमच्या वर्गात आम्हांस कधीही लाभलेली नाही.

कारण साधे होते. आमच्या मातोश्रींचे गुडघे आता आगगाडीचे डबे चढण्यास नकार देतात. चवथीच्या दिवसांत कोकण रेल्वेचे तिकीट मिळणे हा पूर्वसुकृताचा भाग आहे, आणि ते मिळाले तरी स्थानकावरून घरापर्यंत शेवटचा जो चढाचा, तांबड्या मातीचा रस्ता आहे, त्यावर लहान मोटारीचे पोट दगडाला घासते. तेव्हा उंच बांध्याची गाडी हवी, आणि नवी परवडणार नाही, हे दोन सिद्धांत आमच्या सौभाग्यवतींनी एका संध्याकाळी मांडले. आमची शिल्लक आणि आईची एक पाटली अशी रकमेची जुळणी झाली. पाटली मोडायची या शब्दाने आम्हांस रात्रभर झोप आली नाही. पैसे बुडाले तर आपण निमूटपणे सोसू. परंतु आईच्या हातावरील मोकळी जागा रोज जेवताना दिसणार होती.

या जातीच्या गाड्यांना हल्ली एसयूव्ही म्हणतात. आमच्या पिढीपर्यंत त्या सगळ्या जीपच होत्या. १९९४ साली आलेली टाटांची सुमो आठवते. टेल्कोचे सुमंत मुळगावकर यांच्या नावा-आडनावाच्या आद्याक्षरांवरून तिचे नाव ठेवले, आणि मुळगाव आमच्या गोव्यातले, म्हणून त्या गाडीविषयी आम्हांस उगाचच आपलेपणा वाटतो. सुमो २०१९ मध्ये बंद झाली. सन २००० मधील बोलेरो आणि २००२ मधील स्कॉर्पिओ मात्र जुन्या बाजारात विपुल आढळतात. असो.

प्रथम आम्ही एका दलालाकडे गेलो. गाडी पांढरीशुभ्र, आसनांवर नवे आच्छादन, पायाखाली नवा गालिचा, आणि आत अत्तराचा असा घमघमाट की आपण लग्नमंडपात शिरलो की काय असे वाटावे. "साहेब, डॉक्टरनी गाडी छे," असे दलालाने सांगितले. (सुरतेतील विकाऊ मोटारी बहुधा साऱ्या डॉक्टरांच्याच असाव्यात.) आम्ही कलाशाखेचे पदवीधर, यंत्राशी आमचा संबंध 'यंत्र' हा शब्द विभक्तीत चालविण्यापुरता. रंग पाहिला, भोंगा वाजविला, आणि दहा हजारांचा विसार देण्यासाठी खिशात हात घातला.

तोच पुढच्या आसनावर बसलेली आई म्हणाली, "पुता, ह्या गाडयेक हुंवाराचो वास येता."

हुंवार म्हणजे पूर. अत्तराच्या त्या दरवळात तिला पुराचा वास येत होता! लहानपणी तिच्या माहेरी खाजनाचा बांध फुटून खारे पाणी माजघरापर्यंत आले होते. तो वास तिच्या नाकातून साठ वर्षांत गेलेला नाही. आम्ही हसण्यावारी नेले, हे कबूल करतो. परंतु हात खिशातून रिकामाच बाहेर आला.

दुसऱ्या दिवशी आमच्या वर्गातील एका विद्यार्थ्याच्या वडिलांना बरोबर नेले. ते मूळचे खानदेशचे, उधन्यास गॅरेज चालवितात. मिस्त्रींनी ना भोंगा वाजविला, ना रंग पाहिला. त्यांनी आसनाचा पट्टा धरून तो पार शेवटपर्यंत बाहेर ओढला. शेवटच्या वीतभर भागावर चिखलाच्या रंगाची एक आडवी रेघ होती. मग त्यांनी गालिच्याची कड उचलली, आसनाचे नटबोल्ट दाखविले. ते गंजून तांबडे झाले होते. पुढच्या दिव्याच्या काचेआड गाळाचा पातळ थर बसला होता. "सर, पट्टा धुवायचं कोणाच्या ध्यानात येत नाही," एवढेच ते म्हणाले.

सुरतकरांना पुराची ओळख करून देण्याची गरज नाही. ऑगस्ट २००६ मध्ये उकाईचे पाणी सुटून तापीने शहराचा केवढा भाग गिळला, हे प्रत्येक घरातील वडीलधारे सांगतील. परंतु त्यानंतरही खाड्यांचा पूर पावसाळ्यात लिंबायतसारख्या भागांत शिरतोच, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीने बडोदे बुडविले, तेव्हा तेथील मोटारीही पाण्याखाली गेल्या. अशी गाडी धुऊनपुसून दुसऱ्या गावी विकली जाते. ती लगेच बंद पडत नाही, हीच तिची लबाडी. तारांच्या जोडांत आणि विजेच्या पेट्यांत गंज हळूहळू चढतो, आणि सहा महिन्यांनी एखाद्या घाटात, रात्री, दिवे जातात. आंबोलीचा घाट आमच्या डोळ्यांपुढे उभा राहिला. विम्याचा कागदही बोलका असतो, असे मिस्त्रींनी सांगितले: सलग पाच वर्षे भरपाई न मागणाऱ्यास हप्त्यात ५० टक्क्यांपर्यंत सूट मिळते, गाडी जुनी आणि सूट शून्य असेल, तर नुकतेच काही घडले आहे काय, असे विचारावे. आम्ही विचारले. दलालाला अचानक दुसरे काम आठवले.

पुढे दोन महिने आम्ही दर रविवारी मिस्त्रींच्या मागे शिष्यासारखे हिंडलो. एक गाडी दिल्लीची होती. २०१५ साली हरित न्यायाधिकरणाने आणि २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने त्या परिसरात दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांना मज्जाव केला, तेव्हापासून तिकडच्या पुष्कळ गाड्या इतर राज्यांची वाट धरीत आल्या. गाडी धडधाकट होती. परंतु तेथील कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र मालकापाशी नव्हते. ती सोडली.

शेवटी रिंगरोडच्या कापडबाजारातील एका गृहस्थांची २०१३ सालची बोलेरो पाहावयास आम्ही पहाटे सहाला, कोणतीही वर्दी न देता गेलो. यात खोच आहे. मिस्त्रींनी प्रथम बॉनेटवर तळहात ठेवला. इंजिन आधीच तापवून ठेवले असेल, तर ते थंडीत सहज सुरू होते की कुरकुरते, हे कळत नाही. हे थंड होते, आणि दुसऱ्या आचक्यास सुरू झाले. मागे क्षणभर काळसर धूर निघाला. तो डिझेलला चालतो. निळा निघत राहिला तर तेल जळते, पांढरा थांबला नाही तर पाणी सिलिंडरात जाते. सुरू इंजिनाच्या तेलाचे झाकण त्यांनी सैल केले. आतून वाफेचे लोट भसाभस आले, तर आतल्या रिंगा झिजल्या असे समजावे. तसे झाले नाही.

मग ते गाडीखाली आडवे झाले आणि आम्हांसही आडवे केले. या गाड्यांच्या पोटाखाली शिडीच्या आकाराचा लोखंडी सांगाडा असतो. सारी इमारत त्यावर उभी. नव्या काळ्या रंगाने तो चकचकीत केला असेल, तर संशय घ्यावा. हा मळका होता. मिस्त्रींनी छोट्या हातोडीने ठोकून नाद ऐकला, जोडकामाचे डाग शोधले. सौभाग्यवतींनी घरून आणलेला लोहचुंबक आम्ही पत्र्यावर फिरविला. उजव्या दारावर एके ठिकाणी तो धरीना, म्हणजे आत पुट्टी भरली होती. मालकांनी खांबाला घासल्याचे मान्य केले. टायरवर चार अंक असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. येथे २३१७ होते, म्हणजे टायर २०१७ चे, बदलणे अटळ. मीटर कमी अंतर दाखवीत होता, पण ब्रेकच्या पायपट्टीचे रबर गुळगुळीत झालेले. मीटर मागे फिरविता येतो. रबर येत नाही.

सुरतेत घाट नाही, म्हणून उड्डाणपुलावर गाडी चढविली. वरच्या गिअरमध्ये पाय दाबला. इंजिन ओरडले, पण वेग तेवढा वाढला नाही. क्लचप्लेट संपत आली होती. डुमसच्या सरळ रस्त्यावर सुकाणू क्षणभर सैल सोडले, तर ती शहाण्या बैलासारखी सरळ गेली.

कागदांना आमची शिक्षकी बुद्धी उपयोगी पडली. विजेरी लावून चासीवरील क्रमांक अक्षर-अक्षर नोंदणीशी ताडला. कर्जाचा बोजा उतरल्याची नोंद, थकलेले ई-मेमो, नमुना २९ आणि ३० वरील सह्या, सारे लाल शाईच्या नजरेने पाहिले. नोंदणी पंधरा वर्षांची, म्हणजे २०२८ पर्यंत. नंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण, आणि त्याचे शुल्क एप्रिल २०२२ पासून ६०० वरून ५००० रुपये झाले आहे, हेही हिशेबात धरले. क्लच आणि टायर यांपोटी मालकांनी तीस हजार सोडले, आणि व्यवहार झाला. पाटली मोडली.

गाडी दारात आली, आणि एक गोष्ट कोणीच तपासली नव्हती असे लक्षात आले. पायरी उंच होती. ज्या गुडघ्यांसाठी हा सारा खटाटोप, ते गुडघे तिथवर पोहोचेनात! आई काही बोलली नाही. पदराने दारावरची धूळ पुसत उभी राहिली. मिस्त्रींनी त्याच दुपारी वीतभर खाली एक लोखंडी पायदान बसविले, आणि त्याचे पैसे घेतले नाहीत.

संध्याकाळी आई पायदानावर पाय ठेवून वर चढली, आसनावर नीट बसली आणि तिने एक दीर्घ श्वास घेतला. आम्ही, सौभाग्यवती आणि मिस्त्री, तिघेही तिच्या नाकाकडे पाहत होतो. मग तिने पिशवी उघडली आणि पानाचा डबा ठेवायला जागा कुठे, असे विचारले.